वाळवंटातील प्रवासाचे नियम आणि त्यांची किंमत

इजिप्त देशाच्या प्रवासास निघणाऱ्या मनुष्याच्या हाती बहुधा एक लहानशी यादी पडत असते. पाणी सदैव जवळ बाळगावे. भर दुपारी उन्हात हिंडू नये. डोके व मान झाकावी. अंगभर सैल कपडे घालावे. माहीतगार वाटाड्यावाचून वाळवंटात शिरू नये. वाहन बंद पडल्यास ते सोडून पायी निघू नये. हे नियम इतके साधे आहेत की, ते कोणास सांगावे लागतात याचेच वाचणारास नवल वाटावे. शाळकरी पोरासही जे सुचेल ते छापून काय मिळविले, असे मनाशी म्हणून मनुष्य ती यादी खिशात घालतो, आणि बहुतेक वेळा ती तेथेच राहते.

परंतु हे नियम कोणा एका शहाण्याने सावलीत बसून रचलेले नाहीत. सुमारे अडीच हजार वर्षांच्या अवधीत राजे आणि त्यांच्या सेना, व्यापारी आणि त्यांचे गुलाम, टपाल नेणारे, यात्रेकरू, सैनिक व संशोधक या देशाच्या वाळवंटातून गेले. त्यांपैकी कित्येकांनी एखादा नियम मोडून पाहिला व त्याचे फळ भोगले. शिवाय बाहेरून आलेल्या लोकांनी काही नियम आपल्या पदरचे घातले, आणि ते पुढे खोटे ठरले. कोणते नियम टिकले, कोणते गळून पडले आणि ते कशामुळे, हे पाहिले असता त्या लहानशा यादीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

प्रथम देशाची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. इजिप्तचा विस्तार सुमारे दहा लक्ष चौरस किलोमीटर आहे, आणि त्यातील नऊ दशांशांहून अधिक भाग वाळवंट आहे. नाईल नदीचे खोरे, तिच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश आणि वाळवंटात विखुरलेली काही हरितस्थाने एवढ्यातच बहुतेक सारी वस्ती सामावलेली आहे. नाईलच्या पश्चिमेकडील वाळवंटाने एकट्याने देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापला आहे. पूर्वेकडील वाळवंट डोंगराळ असून ते तांबड्या समुद्रापर्यंत पसरले आहे, त्यापलीकडे सिनाई. दक्षिणेकडील आस्वान शहरी उन्हाळ्यात दिवसाचे कमाल तपमान सरासरीनेच ४१ अंश सेल्सियसच्या वर असते, आणि तेथे पावसाचा थेंबही न पडता वर्ष निघून जाते. त्या देशात उन्हाळा संपविण्यास मृगाचा पाऊस येत नाही. उन्हापासून सुटका करणाऱ्या गोष्टी तीनच : रात्र, सावली आणि नदी.

म्हणून सर्वांत जुना नियम ऋतूचा आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ प्रवासास उत्तम. मार्चपासून मे महिन्यापर्यंत दक्षिणेकडून एक उष्ण व धुळीचा वारा अधूनमधून सुटतो. त्यास अरबी भाषेत ‘खमसीन’ म्हणजे ‘पन्नास’ असे म्हणतात, कारण साधारण पन्नास दिवसांच्या अवधीत तो केव्हाही उठण्याचा संभव असतो. तो सुटला म्हणजे आकाश पिवळसर होते, सूर्य दिसेनासा होतो आणि काही तासांत पारा झपाट्याने चढतो. वाटेच्या खुणा तर नाहीशाच होतात.

या वाऱ्याशी एक अतिप्राचीन कथा निगडित आहे. इराणचा राजा कंबायसिस याने इसवी सनापूर्वी ५२५ साली इजिप्त जिंकला. त्यानंतर त्याने सिवा येथील आमोन देवाच्या क्षेत्रावर पन्नास हजार सैन्य धाडले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. ते सैन्य थीब्ज नगरीहून निघून सात दिवसांच्या वाटेवरील हरितस्थानापर्यंत पोचले; पुढे अर्ध्या वाटेवर ते न्याहारीस बसले असता दक्षिणेचा प्रचंड वारा सुटला आणि त्याने आणलेल्या वाळूच्या ढिगाऱ्याखाली सारे सैन्य गडप झाले. आधुनिक इतिहासकार या कथेवर सरसकट विश्वास ठेवीत नाहीत. वाळूचे वादळ उभ्या सैन्यास जिवंत पुरील हे संभवनीय नाही. वाट चुकली, पाणी संपले आणि तहानेने घात केला असे घडणे अधिक शक्य आहे. तथापि लोकांनी ही कथा अडीच हजार वर्षे जतन केली, यातच तिचा बोध आहे. वाळवंटात संख्याबळ कामास येत नाही. पन्नास हजार माणसे म्हणजे पाणी मागणारी पन्नास हजार तोंडे होत.

त्याच सिवा क्षेत्रास इसवी सनापूर्वी ३३१ साली शिकंदर गेला. तो समुद्रकिनाऱ्याने पश्चिमेकडे जाऊन मग दक्षिणेस वळला. त्याच्याही सेनेचे पाणी संपत आले होते आणि वाऱ्याने वाटेच्या खुणा पुसून वाटाडे गोंधळून गेले होते. अवचित पाऊस पडला म्हणून ते वाचले, आणि पुढे दोन कावळ्यांनी वाट दाखविली असे एक वृत्त आहे. कोणी सर्पांनी दाखविली असेही म्हणतात. जगज्जेत्या राजाची ही स्थिती झाली ती वाटाडे जवळ असताना. ज्याच्याजवळ वाटाड्याच नाही, त्याने दैवावर किती भार टाकावा, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुढे शतकानुशतके या वाळवंटातून व्यापारी तांडे जात-येत राहिले. सुदानातील दारफूर प्रांतापासून नाईलकाठच्या अस्यूत शहरापर्यंत एक मार्ग होता. त्याचे नाव ‘दर्ब-अल्-अर्बईन’, म्हणजे चाळीस दिवसांची वाट. या वाटेने हस्तिदंत, शहामृगाची पिसे, उंट आणि गुलाम माणसे इजिप्तमध्ये येत. डब्ल्यू. जी. ब्राउन नावाचा इंग्रज प्रवासी १७९३ साली या मार्गाने अस्यूतहून दारफूरला गेला. ही वाट आखलेली नव्हती. उंटांच्या वाळलेल्या हाडांच्या रांगेवरून ती ओळखता येई. ज्या वाटेवर मैलाचे दगड हाडांचे आहेत, त्या वाटेवर नियम मोडण्यास सवड कितीशी असणार!

तांड्यांचे नियम अनुभवातून ठरलेले होते. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत किती दिवस लागतात याचा हिशेब करून पाणी भरावे, आणि त्यावर आणखी काही दिवसांचे जास्त घ्यावे. पाणी कातड्याच्या पखालींत असे. पखाली झिरपत, उन्हाने आटत, कधी उंट पडून फुटत. म्हणून सारे पाणी एकाच जनावरावर लादू नये. उन्हाळ्यात दुपारी तळ द्यावा व रात्री ताऱ्यांच्या आधाराने चालावे. ओळखीची वाट सोडू नये. आणि सर्वांत मोठा नियम असा की, वाटाड्याशी भांडण करू नये.

हे नियम मोडले असता काय होते याचे अत्यंत हृदयद्रावक वृत्त योहान लुडविग बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने लिहून ठेविले आहे. बुर्कहार्ट लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनच्या वतीने आला होता. शेख इब्राहिम हे नाव व अरबी वेष धारण करून त्याने मार्च १८१४ मध्ये वरच्या इजिप्तमधील दराऊहून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर नुबियाचे वाळवंट ओलांडले व तो नाईलकाठच्या बर्बर गावी पोचला. १८१७ साली तो कैरो येथे मृत्यू पावला आणि त्याचे नुबियातील प्रवासवर्णन १८१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने एका तांड्याची हकीकत दिली आहे. ती त्यास त्या तांड्यातून वाचलेल्या मनुष्यानेच सांगितली होती.

ऑगस्ट महिना होता. पाच व्यापारी आणि सुमारे तीस गुलाम असा एक लहान तांडा बर्बरहून दराऊस निघाला. नेहमीच्या वाटेवर एका दरोडेखोराचे भय होते. म्हणून त्यांनी पूर्वेकडची आडवाट धरली. अबाब्दे जमातीचा वाटाड्या बरोबर होता. त्याने त्यांस एका विहिरीपर्यंत सुखरूप नेले. परंतु त्यापुढील रस्ता क्वचितच वापरातला असल्याने तो वाट चुकला. डोंगरांत पाच दिवस हिंडल्यावर पाणी संपले आणि आपण कोठे आहोत हे कोणासच कळेना. मावळत्या सूर्याच्या रोखाने चालत राहिल्यास केव्हातरी नाईल लागेल, असा विचार करून ते पश्चिमेकडे वळले. दोन दिवसांच्या तहानेने पंधरा गुलाम आणि एक व्यापारी मेला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे दहा उंट होते. पाणी कोठे आहे हे माणसांपेक्षा जनावरांस अधिक कळत असेल, असे मानून त्याने अशक्तपणामुळे खाली पडू नये म्हणून आपणांस सर्वांत बळकट उंटाच्या खोगिरास बांधून घेतले आणि उंट नेतील तिकडे जाण्यास तो निघाला. तो व त्याचे उंट यांचे पुढे काय झाले, हे कधीच कोणास कळले नाही.

ती विहीर सोडल्यापासून आठव्या दिवशी उरलेल्यांस शिग्रे येथील डोंगर दिसले. ते त्यांच्या ओळखीचे होते व तेथे पाणी होते. परंतु एक पाऊल पुढे टाकण्याचे त्राण माणसांत वा जनावरांत उरले नव्हते. एका खडकाखाली पडून राहून त्यांनी दोन सेवकांस सर्वांत बळकट दोन उंट देऊन पाणी आणण्यास पाठविले. डोंगर गाठण्यापूर्वीच त्यांतील एकाची वाचा बंद झाली व तो उंटावरून कोसळला. दुसरा पुढे गेला. वाट त्याच्या पूर्ण माहितीची होती, तरीही तहानेने डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो ती चुकला. उंटास झाडाच्या फांदीला बांधून तो सावलीत पडला. तेव्हा पाण्याच्या वासाने उंट दावे तोडून धावत सुटला. झरा तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर होता, हे पुढे समजले. उंट का धावला हे त्या मनुष्याच्या ध्यानात आले. तो उंटाच्या पावलांवरून निघाला, परंतु काही पावले जाऊन तोही पडला. त्याचा शेवट जवळ आला असता जवळच्या वस्तीतील एक बिशारी बेदुइन तेथे आला. त्याने तोंडावर पाणी मारून त्यास शुद्धीवर आणले. मग दोघांनी पखाली भरल्या, ते तांड्याकडे परतले, आणि खडकाखालची माणसे अजून जिवंत असलेली त्यांस आढळली. थोराड गुलाम पोरे मेली, पण लहान मुले तहान सोसून इजिप्तपर्यंत पोचली, असे सांगणाराने म्हटले आहे. त्या बिशारी मनुष्यास त्याच्या श्रमाबद्दल बक्षीस मिळाले ते एका गुलामाचे! ज्याचे प्राण त्याने नुकतेच वाचविले, तोच त्याच्या हवाली झाला असावा. वाळवंटाच्या निष्ठुरतेबरोबर मनुष्याची निष्ठुरताही या एका वाक्यात दिसते.

या हकीकतीत प्रत्येक नियमाचा जाब आहे. ऋतू वाईट निवडला. वहिवाटीची वाट सोडली. वाटाड्या प्रामाणिक होता, पण ती वाट त्याच्या नित्याची नव्हती. ‘वाटाड्या आहे’ एवढ्याने भागत नाही, ‘या वाटेचा वाटाड्या आहे’ असे असावे लागते. पाणी हिशेबाइतकेच घेतले. हिशेब चुकल्यास काय, याची तजवीज नव्हती. आणि माहितीची वाट तहानेने चुकते, ही गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिचे कारण सव्वाशे वर्षांनंतर शास्त्रज्ञांस उमगले. तो भाग पुढे येईल.

बुर्कहार्टनंतर थोड्याच वर्षांत या वाळवंटाचा एक तुकडा मुंबई इलाख्याशी जोडला गेला. तो म्हणजे कैरो ते सुवेझ हा सुमारे ८४ मैलांचा पट्टा. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली व सुमारे महिन्याने सुवेझला पोचली. आफ्रिकेस वळसा घालून जाण्यास कित्येक महिने लागत; त्याऐवजी सुवेझपर्यंत समुद्राने, तेथून कैरोपर्यंत वाळवंटातून आणि पुढे नाईल व भूमध्य समुद्र यांवरून जाण्याचा हा मार्ग. थॉमस वॅगहॉर्न या इंग्रज खलाशाने त्याचा ध्यास घेतला होता. त्याच सुमारास तो टपाल घेऊन सुवेझला आला असता अपेक्षित आगबोट न मिळाल्याने, एका उघड्या होडीतून तांबड्या समुद्रावरून सहाशेहून अधिक मैल जाऊन त्याने जेद्दा गाठले होते.

पुढे या वाळवंटात ठरावीक अंतरावर विश्रामस्थाने उभी राहिली. घोडे बदलण्याच्या जागा झाल्या. दोन चाकांच्या गाड्यांतून उतारू आणि उंटांच्या पाठीवरून सामान, टपाल व आगबोटींसाठी लागणारा कोळसा जाऊ लागला. मुंबईस येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांस व मडमांस वाळवंटात बसून चहा मिळू लागला. सुवेझ शहरास स्वतःचे पुरेसे गोडे पाणी नव्हते. नाईलचे पाणी कालव्याने तेथे पोचले ते १८६३ साली. तत्पूर्वी १८५८ मध्ये कैरो–सुवेझ लोहमार्ग झाला आणि १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला होऊन वाळवंटातील ही वाहतूक संपुष्टात आली. त्याच वर्षी टॉमस कुक याने हौशी प्रवाशांची पहिली मंडळी नाईलच्या सफरीवर नेली.

या स्थित्यंतराबरोबर सल्ला देणाराही बदलला. पूर्वी तो पखाल भरणारा अबाब्दे असे; आता तो छापील पुस्तकातून बोलू लागला. सर गार्डनर विल्किन्सन यांनी लिहिलेली इजिप्तची प्रवासपुस्तिका लंडनच्या मरे यांनी १८४७ साली प्रसिद्ध केली, आणि पुढे जर्मनीच्या बेडेकर यांच्या पुस्तिकाही आल्या. या पुस्तकांनी प्रवाशांची मोठीच सोय केली, यात संशय नाही. परंतु गोऱ्या लोकांच्या त्या काळच्या सल्ल्यात काही समजुती अशा शिरल्या की, त्यांस वाळवंटातील कोणाही मनुष्याचा आधार नव्हता. सूर्याच्या किरणांत उष्णतेखेरीज एक विशेष घातक गुण असून तो गोऱ्या मनुष्याच्या मेंदूस व पाठीच्या कण्यास बाधतो, ही त्यांतील मुख्य समजूत होय. तिच्यापायी डोक्यावर भेंडाची जाड टोपी, पाठीवर कण्याच्या रक्षणार्थ गादी आणि पोटास पटकी होऊ नये म्हणून फ्लॅनेलचा पट्टा, असा सरंजाम करून साहेबमंडळी उन्हात निघत. डोके झाकावे हे खरेच; परंतु टोपीवाचून क्षणभर उन्हात उभे राहिल्यास प्राण जातील, ही भीती निराधार होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोप्या घालून वाळवंटात लढले, आणि भेंडाच्या टोपीची सद्दी संपली.

याहून घातक समजूत पाण्याविषयीची होती. कमी पाणी पिण्याची सवय केली असता शरीर कणखर होते व थोड्या पाण्यावर चालते, असे कित्येक सेनाधिकारी मानीत. सैनिकाने बाटली जवळ असता ती न उघडणे यास शिस्त म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रॉचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग करून या समजुतीची परीक्षा केली. त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे निष्कर्ष सरळ होते. पाण्यावाचून राहण्याची सवय शरीरास लागत नाही. उन्हातून चालणाऱ्या मनुष्याच्या अंगातून तासास लिटरभर वा त्याहूनही अधिक घाम जातो. तो पाणी न प्याल्याने कमी होत नाही. बाटलीत राखून ठेवलेले पाणी शरीराचे रक्षण करीत नाही. पोटात गेलेले पाणीच रक्षण करते. वाचवावयाचे ते पाणी नव्हे, घाम होय. आणि तो सावलीत बसून, अंग झाकून व रात्री चालून वाचवावयाचा.

तहान ही देखील विश्वासू साक्षीदार नाही, असे याच प्रयोगांत दिसून आले. पाणी समोर असूनही मनुष्य जितके गमावतो तितके आपण होऊन पीत नाही. अंगातील पाणी वजनाच्या दशांशाइतके घटले म्हणजे चालणे अशक्यप्राय होते व बुद्धीही ठिकाणावर राहत नाही. बुर्कहार्टच्या हकीकतीतील तो सेवक ओळखीची वाट चुकला, त्याचे कारण हेच. पाणी मुळीच नसेल आणि दिवसाची उष्णता ४९ अंशांपर्यंत जात असेल, तर सावलीत स्वस्थ पडून राहणारा मनुष्यही सुमारे दोनच दिवस जगतो, असा हिशेब त्या संशोधकांनी मांडला.

कपड्यांच्या बाबतीतही अखेर बेदुइनच खरा ठरला. उष्ण देशात अंग उघडे टाकावे हे परक्या मनुष्यास स्वाभाविक वाटते. परंतु उघड्या अंगावर ऊन थेट पडते व घाम अधिक जातो. बेदुइन मात्र पायघोळ झगा घालतो, आणि कित्येक जमातींत तो काळा असतो. काळा रंग तर ऊन अधिक शोषून घेतो. मग हे कसे? १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. काळ्या झग्याने शोषलेली जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचतच नाही. सैल झग्याखाली खेळणारा वारा ती वाटेतच बाहेर नेतो. म्हणून काळा व पांढरा झगा घालणारांच्या अंगास लागणारी उष्णता सारखीच भरते. महत्त्व रंगास नसून सैलपणास आहे.

विसाव्या शतकात वाळवंटात मोटार आली. १९२३ साली अहमद हसनैन बे या इजिप्शियन गृहस्थाने भूमध्य समुद्राकाठच्या सल्लूमपासून सुदानातील अल्-उबैदपर्यंत सुमारे २,२०० मैलांचा प्रवास उंटांवरून केला व अर्कनू आणि उवैनात ही हरितस्थाने भूगोलात नोंदविली. हसनैन इंग्लंडात शिकलेला होता. होकायंत्र व मोजणीची साधने त्याच्याजवळ होती. तरी वाटेच्या बाबतीत तो बेदुइन वाटाड्याच्या शब्दाबाहेर गेला नाही. नवी विद्या आणि जुना अनुभव यांची अशी सांगड क्वचितच पडते.

पुढे राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने साध्या फोर्ड मोटारी पश्चिम वाळवंटात दूरवर नेल्या. उंटासाठी जे नियम होते तेच त्याने मोटारीस लावले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. यंत्र थंड ठेवणारे पाणी उकळून वाफ होऊन जाई. ती वाफ एका नळीने डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करण्याची युक्ती त्याने वापरली, म्हणजे एक थेंबही वाया जात नसे. मऊ वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरांतील हवा कमी करावी. रुतलीच तर खाली घालण्यास पोलादी पट्ट्या बरोबर घ्याव्या. लोखंडी वाहनात होकायंत्र फसवते म्हणून सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखविणारे यंत्र वापरावे. आणि एकटी मोटार कधीही नेऊ नये. यांतील बहुतेक गोष्टी वाळवंटातील मोटारचालक अद्यापि पाळतात.

आजचा प्रवासी विमानाने काही तासांत कैरोस उतरतो. पिरामिड, लक्सोर, आस्वान पाहून तो आठवड्याने परततो. बुर्कहार्टच्या वाटेशी त्याचा काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ऊन तेच आहे. लक्सोरच्या पश्चिमेस राजांच्या थडग्यांच्या दरीत सावलीस झाड नाही. तेथे सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी परतावे. मुंबई-कोकणच्या मनुष्याने तर एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दमट हवेत घाम अंगावरून निथळतो व तो गेल्याचे कळते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो तत्क्षणी सुकतो, आणि आपणांस घामच येत नाही असे वाटून मनुष्य पाणी पीत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. मात्र नुसतेच पाणी भरमसाट पिऊन अन्न व मीठ टाळणेही अपायकारक आहे. सोबतचा मनुष्य असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला व त्याचे अंग तापले, तर तो थकला आहे असे म्हणून स्वस्थ बसू नये. त्यास सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून व वारा घालून थंड करावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी. अशा वेळी घटकाभराचा विलंबही प्राणावर बेततो.

हिवाळ्यात जाणारास दुसराच धोका फसवितो, तो थंडीचा. सिनाईतील सेंट कॅथरिनच्या डोंगराळ भागात हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठते. दिवसा घामाघूम झालेला मनुष्य रात्री लोकरीच्या कपड्यावाचून कुडकुडतो. तसेच कोरड्या नदीपात्रात तळ देऊ नये. तिकडे अशा पात्रास ‘वादी’ म्हणतात. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येऊन पोचतो. जानेवारी १९१० नव्हे, तर अलीकडे जानेवारी २०१० मध्ये सिनाई व आस्वान भागात अशा पुरांनी माणसे दगावली. वाळवंटात मनुष्य बुडून मरतो, हे ऐकून हसू येते. पण ते खरे आहे.

दूरच्या वाळवंटात जावयाचे असल्यास सरकारी परवानगी व परवानाधारक वाटाड्या लागतो. पुष्कळ प्रवाशांस हा जाच वाटतो. परंतु त्या निमित्ताने मनुष्य कोठे गेला आणि केव्हा परतावयाचा, याची कोठेतरी नोंद राहते. त्या तांड्याची वाट पाहणारे, तो वेळेवर आला नाही म्हणून शोधास निघणारे कोणी नव्हते. एक बिशारी बेदुइन योगायोगाने त्या बाजूस आला इतकेच. वाहन बंद पडल्यास त्याच्या सावलीस थांबावे, हा नियमही त्याच कारणाने झाला. शोधणारास मोटार दुरून दिसते. वाळूत चालणारा एकटा मनुष्य दिसत नाही. उंटास बांधून घेऊन निघून गेलेला तो व्यापारी पुन्हा कोणास दिसला नाही, आणि खडकाखाली थांबलेली माणसे सापडली.

या साऱ्या इतिहासात टिकलेले नियम पाहिले तर ते बहुतेक वाळवंटातच राहणाऱ्या लोकांचे आहेत, आणि गळून पडलेले नियम बाहेरच्यांच्या भीतीतून किंवा अभिमानातून निघालेले आहेत. शास्त्राने अखेर जे सिद्ध केले, ते अबाब्दे व बेदुइन आपल्या वागणुकीने आधीच सांगत होते. वाटेत मरून पडलेल्या त्या पंधरा गुलामांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्या वाटेने ते नेले गेले ती त्यांनी निवडली नव्हती, पाण्याचा हिशेबही त्यांनी केला नव्हता. प्रवाशाच्या खिशातील त्या लहानशा यादीत त्यांच्या मरणाचाही अंश आहे. ती निघण्यापूर्वी एकवार नीट वाचावी, आणि वाटाडा ‘आज थांबा’ म्हणाला तर थांबावे.